एचटी-२ एफएसएक्समधून नव्या सिममध्ये आणताना: मॉडेल आलं, उडणं आलं नाही

सांबरा२६
नमस्कार मंडळी, बेळगावजवळच्या सांबऱ्याहून. एफएसएक्स म्हणजे मायक्रोसॉफ्टचा जुना फ्लाइट सिम्युलेटर एक्स, त्याच्यासाठी मी एचएएलचं (आपली बेंगळूरची सरकारी विमान कंपनी) एचटी-२ हे ट्रेनर विमान बनवलं होतं, जीमॅक्स ह्या ३डी सॉफ्टवेअरमध्ये, आतलं बाहेरचं सगळं. ते आता मायक्रोसॉफ्टच्याच नव्या सिममध्ये, एमएसएफएस २०२० मध्ये आणायलोय आणि पुढं २०२४ मध्ये पण न्यायचंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एचएएलनं स्वतः डिझाइन करून प्रॉडक्शनला घेतलेलं पहिलं विमान, पहिलं उड्डाण ५ ऑगस्ट १९५१, दोन सीट एकामागं एक, पंख खाली, चाकं फिक्स, शेपटीला छोटं चाक. इंजिन ब्लॅकबर्न सायरस मेजर ३, १५५ हॉर्सपॉवर. एअर फोर्सचे कित्येक पायलट ह्याच्यावर उडायला शिकलेत आणि कुठल्याच सिममध्ये ते आयतं येत नाही, म्हणून एवढा खटाटोप.

केलंय काय ते सांगतो. एफएसएक्सची जुनी मॉडेल फाइल (एमडीएल) मॉडेल कन्व्हर्टर एक्समध्ये उघडली, तिथनं ब्लेंडर ह्या फुकट ३डी सॉफ्टवेअरमध्ये, ब्लेंडरमधनं असोबोच्या (एमएसएफएस बनवणारी कंपनी) एक्सपोर्टरनं जीएलटीएफ, म्हणजे नव्या सिमची मॉडेल फाइल. आकार एकदम बरोबर आलाय, कॅनॉपीची, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या काचेची वळणं सुद्धा. पण सिममध्ये लोड केलं की विमान रनवेत अर्धं चाक बुडून उभं राहतंय, मग टुणकन उडी मारतंय, शेपूट हवेत. कसंतरी उडवलं तर हवेत तरंगतच राहतंय, खाली यायलाच तयार नाही. एफएसएक्समध्ये हेच आकडे मस्त चालत होते. टेक्स्चर (मॉडेलवर चिकटवायचं रंगाचं चित्र) पण काही ठिकाणी गुलाबी चौकड्या. कुठनं सुरू करू?

खानापूर_घाट
सिमच्या विमानांच्या लिस्टमध्ये दिसतंय न्हवं? बऱ्याच जणांचं तिथंच अडकतंय. कम्युनिटी फोल्डरमध्ये (बाहेरची विमानं टाकायची जागा) टाकलेल्या पॅकेजात लेआउट डॉट जेसन असतंय, त्यात प्रत्येक फाइलचं नाव आणि साइज लिहिलेली पाहिजे. फाइल फोल्डरात आहे पण लेआउटमध्ये नाही म्हणजे सिमच्या लेखी ती नाहीच. एक टेक्स्चर बदललं तरी लेआउट परत बनवायचं. लेआउट जनरेटर म्हणून छोटं टूल मिळतंय, जेसन फाइल त्याच्यावर ओढून सोडली की झालं. एफएसएक्समध्ये फोल्डर टाकला की विमान हजर, ती सवय सोडायला लागते.

सांबरा२६
लिस्टमध्ये दिसतंय भावा, लेआउट टूलनंच केलंय. अडचण त्याच्या पुढची.

उद्यमबाग_टर्नर
मी सीएनसीवर काम करतो, सिममध्ये हौस म्हणून. तुमचं वाचून पहिला प्रश्न हाच पडला की झिरो कुठं धरलाय. आमच्याकडं जॉबचा वर्क झिरो सरकला की प्रोग्राम कितीही बरोबर असू दे, सगळी भोकं सरकलेली येतात. इथं तेच झालंय. एफएसएक्सच्या सीएफजीमध्ये (विमानाचे आकडे लिहिलेली सेटिंगची फाइल) चाकं, इंजिन, टाकी, पायलट सगळ्याची मापं रेफरन्स डेटम म्हणजे ठरवलेल्या शून्य बिंदूपासून फुटात असतात, पुढं प्लस, उजवीकडं प्लस, वर प्लस. ३डी मॉडेलचा ओरिजिन वेगळा असतो आणि ब्लेंडरमध्ये मीटरात असतो. कन्व्हर्ट करताना मॉडेलचा ओरिजिन हलला की चाकाचं चित्र एकीकडं आणि सिमच्या हिशोबातलं चाक दुसरीकडं.

ब्लेंडरमध्ये मेन व्हीलच्या तळाचा पॉइंट धरा, ओरिजिनपासून पुढं मागं किती, खाली किती ते मीटरात बघा, ३.२८०८ नं गुणा, आणि ते फूट कॉन्टॅक्ट पॉइंटच्या (विमान जमिनीला कुठं टेकतं त्या बिंदूंच्या) ओळीत घाला. जुन्या फाइलमधनं कॉपी करू नका. शेपटीच्या चाकाचं पण तसंच. पंखांची टोकं, प्रोपेलरचं टोक, टेलचा तळ, हे स्क्रेप पॉइंट (जमिनीला घासू शकणारे बिंदू) पण परत मोजून घाला. आणि स्पॅन (पंखाच्या टोकापासून टोकापर्यंतची रुंदी) मोजा, एचटी-२ ला १०.७२ मीटर, लांबी ७.५३ मीटर. मॉडेलमध्ये एवढीच आली तर स्केल बरोबर, नाहीतर आधी स्केल.

सांबरा२६
स्पॅन १०.७२ बरोबर आहे, लांबी पण. ओरिजिन बघतो, मॉडेल कन्व्हर्टरमधनं येताना खाली सरकलेला असणार असं वाटायलंय.

तिळकवाडी_पायलट
टर्नर साहेबांनी सांगितलेलं आधी कराच. त्याच्यावर शेपटीच्या चाकाच्या विमानासाठी दोन आकडे अजून लागतात, स्टॅटिक पिच (उभं असताना नाक किती अंश वर) आणि स्टॅटिक सीजी हाइट (गुरुत्वमध्य म्हणजे सीजी जमिनीपासनं किती उंच). लोड होताना सिम विमानाला ह्या दोन आकड्यांनी जमिनीवर ठेवतं, मग चाकांचं गणित सुरू होतं. दोन्ही जुळले नाहीत की बुडणं आणि उडी मारणं दोन्ही होतं. पिच काढायची सोपी रीत: मेन चाकाचा तळ आणि शेपटीच्या चाकाचा तळ ह्यांच्या उंचीतला फरक भागिले दोघांमधलं लांबीचं अंतर, त्याचा आर्कटॅन. समजा फरक ३.२ फूट आणि अंतर १५.५ फूट, तर साडेअकरा अंशाच्या वर थोडं. तुमच्या मापांनी जे येईल ते घाला. टेल व्हीलचा स्टिअर अँगल १८० ठेवलात तर ते मोकळं फिरतं.

आता तरंगण्याचं. हा मुद्दा लोकांना पटत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एफएसएक्समध्ये विमान कसं उडणार हे मुख्यतः एअर फाइल नावाच्या वेगळ्या फाइलमधल्या टेबलांवर ठरतं. इतक्या अँगलला इतकी लिफ्ट, इतक्या अँगलला नाक इतकं खाली ओढणार, असे तयार आकडे. एअरप्लेन जॉमेट्री म्हणून सेक्शन तेव्हा पण होता, त्यात पंखाचं क्षेत्रफळ, स्पॅन, रूट कॉर्ड (बुडाशी पंखाची रुंदी), डायहेड्रल (पंख वर किती कललेत), ट्विस्ट (पंखाचा पीळ), टेलची मापं सगळं असायचं, पण बरेच जण तिथं दुसऱ्याच विमानाचे आकडे सोडून द्यायचे आणि एअर फाइलमध्ये ओढाताण करून विमान बसवायचे. चालून जायचं. एमएसएफएसचं मॉडर्न फ्लाइट मॉडेल उलट बाजूनं येतं, ते तुमच्या जॉमेट्रीवरनं पंख, टेल, फ्यूजलाज (विमानाचं धड) ह्यांचे हजारच्या आसपास तुकडे धरतं आणि प्रत्येक तुकड्यावर हवा काय करते ते मोजतं. म्हणजे जॉमेट्रीत जे लिहिलंय तेच विमान उडणार, तुमचं ३डी मॉडेल कितीही देखणं असो. डोळ्याला एचटी-२ दिसतंय पण हवेला कुठलंतरी दुसरंच विमान दिसायलंय.

त्यात फ्लाइट ट्यूनिंगमधले स्केलर, म्हणजे लिफ्ट (वर उचलणारं बळ), ड्रॅग (हवेचा अडथळा) ह्यांना गुणायचे आकडे. एफएसएक्समध्ये लिफ्ट कमी पडली म्हणून १.३ केलेला क्रूझ लिफ्ट स्केलर, ड्रॅग कमी हवा म्हणून ०.७ केलेला पॅरासाइट ड्रॅग, हे सगळे जुन्या गणिताला दिलेले टेकू आहेत. गणित बदललं, टेकू तसेच राहिले, म्हणून तरंगतंय. माझं म्हणणं स्पष्ट आहे, आकार आणा, ॲनिमेशन आणा, पण उडण्याचे आकडे जुन्या फाइलमधनं आणूच नका. सगळे स्केलर १ करा. जॉमेट्री खऱ्या विमानाच्या ड्रॉइंगवरनं भरा. रिकामं वजन १५४० पौंड, भरलेलं २२४० पौंड, हे वजन सेक्शनमध्ये. मग उडवा. जे चुकेल ते आधी जॉमेट्रीत शोधा, टेलची जागा, इन्सिडन्स (पंख धडाला कुठल्या कोनात बसवलाय), सीजी. सगळं तपासून झाल्यावरच स्केलरला हात लावा आणि तो पण थोडा थोडा. सिममधला डेव्हलपर मोड चालू करून एअरक्राफ्ट एडिटर उघडलात तर कॉन्टॅक्ट पॉइंट आणि मापं विमानावरच काढलेली दिसतात, अंदाजावर जायची गरजच नाही.

निपाणी_नाना
वय झालंय माझं, पण सिम सोडलं नाही अजून. मी एक्स-प्लेन ह्या दुसऱ्या सिमवाला. तिळकवाडीवाले सांगतात ते आमच्याकडं पहिल्यापासनंच तसं आहे, ब्लेड एलिमेंट थिअरी, आकारावरनंच बळ मोजायचं. त्यामुळं एक्स-प्लेन ११ चं विमान १२ मध्ये आणताना उडण्यात एवढी उलथापालथ होत नाही, तरी होतेच. रीत अशी की १२ बरोबर आलेल्या प्लेन मेकर ह्या टूलमध्ये विमानाची जुनी एसीएफ फाइल उघडायची, सगळी पानं एकदा नजरेखालनं घालायची आणि सेव्ह करायची. एकदा सेव्ह केली की ती ११ मध्ये उघडत नाही, म्हणून फोल्डरची कॉपी आधी बाजूला ठेवा. पोरं हे विसरतात.

दिव्यांचं आणि काचेचं बघायला लागतं. १२ मध्ये प्रकाश नव्या हिशोबानं चालतो, जुने लँडिंग लाइट कधी मिणमिणतात कधी डोळे दिपवतात. आणि पाऊस काचेवर दिसायला हवा असेल तर काच वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये करून घ्यावी लागते. आपल्याकडं जूनपासनं पुढं पावसाशिवाय उडायचं म्हटलं तर घरातच बसायला लागेल, म्हणून मी ते आधी करतो.

सांबरा२६
नाना, लई उपयोगी सांगितलात. एक्स-प्लेनसाठी पण करायचा विचार आहे पण आधी हे धसाला लावतो.

गडहिंग्लजकर
बॉर्डरच्या पलीकडनं, महाराष्ट्रातनं बोलतोय, चालेल न्हवं? एचटी-२ चं नाव बघून राहवलं नाही. ज्यांच्या हाताखाली हे विमान झालं ते वि. मा. घाटगे आमच्या गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत गॉटिंगनला, हवेच्या शास्त्रातले मोठे शास्त्रज्ञ प्रांटल ह्यांच्याकडं शिकून आले, मग बेंगळूरला एचएएलमध्ये. किरण जेटचं डिझाइन पण त्यांच्याच टीमचं, ते १९६४ ला पहिल्यांदा उडालं. आमच्या शाळेतल्या पोरांना विचारलं तर नाव माहीत नाही, म्हणून हे कोणीतरी सिममध्ये नीट बसवायलंय ह्याचा लई आनंद झाला.

माझा प्रश्न असा की माझ्याकडं एफएस २००४ च्या काळातलं किरणचं फ्रीवेअर मॉडेल आहे, कुणीतरी बनवून साइटवर टाकलेलं. ते पण मॉडेल कन्व्हर्टरनं असंच आणून सगळ्यांना देता येईल का?

तिळकवाडी_पायलट
फोल्डरात रीडमी असेल ती वाचा आधी. जुन्या फ्रीवेअरमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलं असतंय की परवानगीशिवाय बदलून अपलोड करू नये. घरात स्वतःपुरतं बघणं वेगळं, वाटणं वेगळं. फुकट दिलंय म्हणजे मालकी सोडली असा अर्थ होत नाही. बनवणाऱ्याला मेल टाका, बरेच जण खुशीनं हो म्हणतात, वर सोर्स फाइल पण देतात. उत्तर नाही आलं तर वाटायचं नाही. आणि दुसरं, एफएस २००४ च्या एमडीएलमधनं आकार मिळेल पण ॲनिमेशन अर्धवट येतील, पॉलिगॉन (मॉडेल ज्यांचं बनतं ते छोटे सपाट तुकडे) कमी असल्यानं नव्या सिममध्ये जवळनं कोपरे दिसतील. त्यापेक्षा ब्लेंडर शिका आणि घाटगे साहेबांचं किरण स्वतः करा, आम्ही सगळे मदतीला आहोत.

गडहिंग्लजकर
पटलं. ब्लेंडर उतरवून घेतो आज.

वडगाव_अक्का
टेक्स्चरचं कुणीच बोलेना म्हणून मी लिहिते. मी लिव्हरी म्हणजे विमानाचं रंगकाम करते, मॉडेल बनवत नाही.

गुलाबी चौकड्या म्हणजे मटेरिअलला टेक्स्चर सापडेना. एमएसएफएस २०२० मध्ये प्रत्येक डीडीएसच्या (टेक्स्चरची फाइल) शेजारी त्याच नावाची छोटी जेसन फाइल लागते, डीडीएस डॉट जेसन, ती नसली की गडबड. ती हातानं बनवत बसू नका दादा, एसडीकेमधनं (सिमबरोबर मिळणारी बनवणाऱ्यांची टूल्स) पॅकेज बिल्ड केलात तर आपोआप येते.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. एफएसएक्सचं रंगकाम जसंच्या तसं आणू नका. तिथं डिफ्यूज (रंग) आणि स्पेक्युलर (चकाकी) होतं, लोकं सावल्या, रिव्हेटचा उजेड, धूर लागल्याचे पट्टे सगळं डिफ्यूजमध्येच रंगवून ठेवायचे कारण सिम ते करत नव्हतं. नव्या सिममध्ये पीबीआर आहे, म्हणजे उजेड सिम स्वतः खऱ्यासारखा मोजतं, अल्बेडोमध्ये फक्त रंग, आणि दुसऱ्या एका कॉम्प टेक्स्चरमध्ये लाल चॅनेलला ऑक्लुजन (खाचांतला अंधार), हिरव्याला रफनेस (खरखरीतपणा), निळ्याला मेटॅलिक (धातूपणा). जुनं डिफ्यूज तसंच घातलं की सावली दोनदा पडते आणि विमान मळकट दिसतं. नॉर्मल मॅपचं (उंचसखलपणा दाखवणारं चित्र) अजून एक, एफएसएक्समध्ये लाल चॅनेल अल्फात (चित्राचा चौथा चॅनेल) टाकलेला असायचा आणि चित्र उलटं, तो सरळ करून घ्यायचा, नाहीतर रिव्हेट आत दबलेले दिसतात.

एचटी-२ चं अंग ॲल्युमिनियमचं पण रंग दिलेलं. म्हणून मेटॅलिक पूर्ण नका देऊ, रंग दिलेल्या पत्र्याला मेटॅलिक शून्यच असतं, चकाकी रफनेसनं आणा. जिथं रंग उडालाय तिथंच, इंजिनच्या झाकणाच्या कडेला, पायलट पाय ठेवतो तिथं पंखावर, मेटॅलिक वर करा. मी हवं तर ट्रेनरवाला पिवळा करून देते, म्युझियममधल्या विमानाचे फोटो कुणाकडं असतील तर पाठवा, वेगवेगळ्या बाजूंनी.

सांबरा२६
अक्का, लाख मोलाचं. फोटो पाठवतो तुम्हाला आजच.

इकडची बातमी अशी. ओरिजिन खरंच खाली होता, तो हलवला, कॉन्टॅक्ट पॉइंट सगळे ब्लेंडरवरनं मोजून घातले, पिच काढून घातली. आता रनवेवर कसं उभं राहतंय बघा, नाक वर, शेपूट खाली, लोड झाल्यावर जरासं सस्पेन्शन दबतंय आणि गप्प. स्केलर सगळे १. जॉमेट्री परत भरली. तरंगणं गेलं, ग्लाइड आता विमानासारखा वाटायलाय. जोरात वळवलं की नाक घसरतंय, रडर द्यायला लागतंय, पूर्वी पाय पेडलवर ठेवायची गरजच नव्हती. टॅक्सी करताना पुढचं दिसत नाही म्हणून डावी उजवीकडं नागमोडी जायला लागतंय, जशी टेलड्रॅगरची, म्हणजे शेपटीला चाक असलेल्या विमानांची रीत आहे.

एक शंका उरलीय. सांबऱ्यावरनं, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं टेकऑफला फार वेळ घेतंय. गोव्याला दाबोळीला तेच विमान लवकर उठतंय. इंजिनमध्ये काय कमी पडायलंय का?

तिळकवाडी_पायलट
नाही ओ, उलट बरोबर चाललंय. सांबरा समुद्रसपाटीपासनं २४८७ फुटांवर आहे. सुपरचार्जर नसलेलं इंजिन दर हजार फुटाला साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे १५५ चे १४३ च्या आसपासच राहिले. त्यात लाइव्ह वेदर लावून मे महिन्याच्या दुपारी गेलात, ३६ डिग्री. ह्या उंचीला स्टँडर्ड तापमान १० डिग्री धरतात, वरच्या प्रत्येक डिग्रीला अंदाजे १२० फूट जोडायचे, म्हणजे इंजिनाला आणि पंखाला वाटतं आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत. विमान पळणारच लांब. सांबऱ्याची धावपट्टी आता २३०० मीटर आहे म्हणून कळत नाही, छोट्या पट्टीवर कळलं असतं.

इंजिन तपासायचं तर समुद्रसपाटीला, १५ डिग्रीला, वारा शून्य ठेवून तपासा. सरळ पातळीवर पूर्ण थ्रॉटलला एचटी-२ चा वेग १३० मैल प्रति तास, म्हणजे ११३ नॉट्स. तेवढा आला तर इंजिन आणि ड्रॅग दोन्ही जागेवर. जास्त आला तर पहिल्यांदा प्रोपेलर बघा, एफएसएक्समध्ये प्रोपची एफिशिअन्सी एअर फाइलच्या टेबलात होती, इथं ती इंजिन्स डॉट सीएफजीमध्ये येते आणि बरेच जण दुसऱ्या विमानाचं टेबल तसंच ठेवतात. फिक्स्ड पिच प्रोपला (पात्यांचा कोन कायम) कॉन्स्टंट स्पीडचं (पात्यांचा कोन आपोआप बदलणाऱ्याचं) टेबल लावलं की चढण खोटी येते.

चिकोडी_बसस्टँड
आमच्याकडं जुना लॅपटॉप, एमएसएफएस सुरूच होत नाही, नेट पण तसंच. फ्लाइटगिअर सिमसाठी हे मॉडेल देणार का ओ दादा? सॉफ्टवेअर फुकट आहे, सोर्स खुला आहे.

सांबरा२६
देणार की. ब्लेंडरची फाइल आहेच, तिथनं एसी फॉरमॅट निघतो. फ्लाइट मॉडेल यासिममध्ये (फ्लाइटगिअरमधली उडण्याचं गणित करायची एक पद्धत) करूया, त्याला पण पंखाची, टेलची मापं आणि वजन लागतंय, शिवाय लँडिंगला येतानाचा आणि क्रूझचा वेग, त्यावरनं बाकीचं तेच काढतंय. आता जॉमेट्री मोजून तयार आहे त्यामुळं अर्धं काम झालेलंच आहे.

खानापूर_घाट
यासिम करताना एअरप्लेनच्या टॅगमध्ये व्हर्जन लिही भावा. न लिहिता सोडलं तर ते जुन्या पद्धतीनंच गणित करतं, जुनी विमानं बिघडू नयेत म्हणून तसं ठेवलंय. नवीन विमानाला नवीन व्हर्जन लावायचं.

उद्यमबाग_टर्नर
कॉकपिटमधले डायल कसे केलात? एफएसएक्सचे जुने गेज (डायल चालवणारे छोटे प्रोग्राम) चालले?

सांबरा२६
सी भाषेत लिहिलेले जुने गेज चालत नाहीत, ते वॅझमसाठी (नवा सिम चालवतो तो प्रोग्रामचा प्रकार) परत कंपाइल करायला लागतात. मी तो रस्ताच सोडला. एचटी-२ मध्ये सगळी काट्याची घड्याळं, म्हणून प्रत्येक काटा ३डीमध्येच बनवला आणि सिमच्या व्हेरिएबलला बांधला. एअरस्पीडचा काटा, अल्टिमीटरचे काटे, ऑइल प्रेशर. एफएसएक्सच्या एक्सएमएलमध्ये लिहिलेली आरपीएन एक्स्प्रेशन्स (आकडे आधी, चिन्ह नंतर अशी लिहिलेली गणितं) जवळपास तशीच इथं बिहेवियरच्या एक्सएमएलमध्ये चालली. फक्त ब्लेंडरमधल्या ॲनिमेशनचं नाव आणि एक्सएमएलमधलं नाव तंतोतंत एक पाहिजे, एक अक्षर इकडचं तिकडं झालं की काटा मेलेला.

तिळकवाडी_पायलट
आता २०२४ चं. २०२० साठी बनवलेलं पॅकेज २०२४ च्या कम्युनिटी फोल्डरमध्ये टाकलं तर बहुतेक वेळा चालतं, तेवढ्यावर समाधान असेल तर तिथंच थांबा. पण नेटिव्ह, म्हणजे खास २०२४ च्या पद्धतीचं करायचं असेल तर फोल्डरची मांडणीच नवीन आहे. कॉमनमध्ये सगळ्यांना लागणारं, प्रीसेटमध्ये एकेका प्रकाराची कॉन्फिग, अटॅचमेंटमध्ये वेगळे भाग, आणि लिव्हरी स्वतंत्र फोल्डरमध्ये स्वतःच्या लिव्हरी डॉट सीएफजीसकट. अक्कांना हे आवडेल, प्रत्येक रंगासाठी पूर्ण विमान परत द्यायची गरज नाही. टेक्स्चर पण बिल्ड करताना केटीएक्स२ ह्या नव्या फाइल फॉरमॅटमध्ये जातात.

मी तुमच्या जागी असतो तर पुढची कॅनॉपी, मागची कॅनॉपी आणि मागच्या सीटवरचा पायलट आत्ताच ब्लेंडरमध्ये वेगळे करून ठेवले असते. ट्रेनर विमान आहे, एकटा विद्यार्थी आणि मास्तरसकट विद्यार्थी असे दोन प्रीसेट हवेतच, वजन आणि सीजी दोन्ही बदलतं. आणि २०२४ मध्ये माणूस खाली उतरून विमानाभोवती फिरतो, म्हणून चाकाजवळचं, पंखाखालचं, इंजिनच्या झाकणाचं डिटेल जे एफएसएक्समध्ये कुणी बघत नव्हतं ते आता नाकासमोर येणार.

वडगाव_अक्का
हो हो, पंखाखालचा भाग रंगवायचा राहिलाय त्यांचा, मी फाइल उघडून बघितली. यूव्हीमध्ये (मॉडेल उलगडून सपाट केलेला नकाशा, त्यावर रंगवतात) तिथं फार कमी जागा दिलीय दादा, रिव्हेट काढले तर धुरकट दिसतील. ते उलगडणं (अनरॅप) परत करून पाठवाल का, मग पिवळा सुरू करते.

सांबरा२६
पाठवतो अक्का. पंखाखालचं आणि फ्यूजलाजच्या पोटाचं मिळून वेगळं ४०९६ पिक्सेलचं टेक्स्चर करतो, बाकी आहे तसंच. मागचा पायलट पण वेगळा करून घेतो. समुद्रसपाटीची टेस्ट पूर्ण थ्रॉटलला केली मघाशी, ११८ नॉट्स यायलंय, म्हणजे जरा जास्त. प्रोपचं टेबल सेसनाचंच राहिलंय, ते आज रात्री फिक्स्ड पिचचं करून परत उडवतो, आकडा इथंच टाकतो. टर्नर दादा, गिअर लेगचं (चाकाच्या पायाचं) ड्रॉइंग तुमच्याकडनं एकदा तपासून घ्यायचंय, ऑइल स्ट्रटची (तेलाच्या शॉक ॲब्सॉर्बरची) हालचाल किती धरायची ते.

उद्यमबाग_टर्नर
पाठवा की. डीएक्सएफ ह्या ड्रॉइंग फॉरमॅटमध्ये पाठवा म्हणजे शॉपमधल्या पीसीवर उघडेल, शनिवारी सेकंड शिफ्टनंतर मापून सांगतो.